कमी बजेटमध्ये सत्तरच्या दशकातला स्टिरिओ रिसिव्हर घ्यायचाय, दोनपैकी कुठला घेऊ?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: टर्नटेबल आहे, बुकशेल्फ स्पीकरची जोडी आहे, खिसा बेताचा आहे आणि समोर दोन रिसिव्हर, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात असलेली यंत्रं, आहेत. पहिला ८० वॅटचा, निळ्या उजेडाच्या डायलचा, लाकडी कॅबिनेटमधला. विकणारा म्हणतो, "चालू आहे, पण लावून दाखवायला स्पीकर नाहीत." दुसरा ३० वॅटचा, धुळकट, डायलचा एक दिवा गेलेला, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखरणारा. पण त्याचा मालक तासभर लावून दाखवायला तयार आहे. किंमत जवळपास सारखीच.

दुसरा घ्या.

पहिल्या जातीचा एक मी घेऊन बसलो होतो, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय. माझाही देखणा होता, भारदस्त होता आणि आठ-दहा दिवस सुरेख वाजला. मग एका रात्री उजव्या स्पीकरमधून "ठप्प" असा आवाज आला, वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) कोन पुढे येऊन तिथेच अडकला आणि जळका वास सुटला. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता. पन्नाशीच्या यंत्रात असं होऊ शकतं, त्याचं काही नाही. अशा वेळी स्पीकरला तोडून बाजूला करण्यासाठी आत एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, असतो. माझ्या रिसिव्हरमध्ये कुणीतरी पूर्वी त्या रिलेवरून सरळ तार डकवून टाकली होती. रिलेचे संपर्क काळे पडले की एक बाजू मधूनच गायब होते. नवा रिले बसवायचा सोडून कुणीतरी हा जुगाड केला होता. रिसिव्हर दुरुस्त झाला, पण वूफरची कॉइल गेली ती गेलीच.

तेव्हापासून मी मॉडेलकडे दुसऱ्यांदा बघतो, आधी तब्येत बघतो. "सर्वोत्तम दहा जुने रिसिव्हर" छापाच्या याद्या ती यंत्रं नवी असताना कशी होती ते सांगतात. तुम्हाला मिळणारा नग मधली चाळीस-पन्नास वर्षं कुणाच्या हाताखाली होता, ते त्यात कुठेच नसतं.

आता वॅटचं. ८० आणि ३० हे आकडे शेजारी ठेवले की दुसरा केविलवाणा वाटतो, पण कानाला तसं वाटत नाही. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. म्हणजे ३० आणि ८० मधला फरक जेमतेम सव्वाचार डेसिबलचा. तुमच्या स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल धरली, तर एका वॅटला एक मीटरवर ८८ आणि दहा वॅटला ९८ डेसिबल मिळतात. खोलीत बसून ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच्या आतच काम चालतं. बाकीचे वॅट तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी हाताशी असावे लागतात. मोठा हॉल असेल किंवा स्पीकर फारच आळशी असतील तर गोष्ट वेगळी. बुकशेल्फना २० ते ४० वॅट पुष्कळ झाले, मात्र ते खरे हवेत.

खरे म्हणजे काय? साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला "म्युझिक पॉवर", "पीक पॉवर" असे फुगवलेले आकडे सर्रास छापले जायचे. १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम आणला: दोन्ही चॅनेल (डावी-उजवी बाजू) एकाच वेळी चालवून, सलग मिळणारी पॉवर सांगायची, सोबत किती ओहमवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती विकृतीसह तेही सांगायचं. त्याआधी यंत्र तासभर एकतृतीयांश पॉवरवर तापवायचं. म्हणून त्या बाजारासाठी १९७४ नंतर बनलेल्या रिसिव्हरच्या आकड्यावर बराच विश्वास ठेवता येतो. पुढे याच खऱ्या आकड्यांची शर्यत लागली. १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० ने चॅनेलमागे २७० वॅट गाठले, मॅरँट्झ २६०० ने ३०० आणि टेक्निक्स एसए-१००० ने ३३०. ही धूडं आज संग्राहकांच्या किमतीला जातात आणि बिघडली की एकट्याने उचलून टेबलावर ठेवणंही मुश्कील. आपल्याला त्यांचं काय करायचंय? त्याच कारखान्यांतून त्याच वर्षांत निघालेली धाकटी भावंडं आपल्या कामाची. त्यांच्यात भाग कमी असतात, उष्णता कमी असते आणि पूर्वीच्या मालकांनी त्यांना पार्टीत रगडलेलंही नसतं.

नावंच हवी असतील तर मॅरँट्झच्या २२ ने सुरू होणाऱ्या मालिकेत शेवटचे दोन अंक वॅट सांगतात: २२१५ म्हणजे १५, २२३० म्हणजे ३०, २२७० म्हणजे ७०. उत्तम यंत्रं, पण आज त्यांच्या किमतीत निळ्या उजेडाचा मोठा वाटा असतो. पायोनियरचे एसएक्स-४५० (१५ वॅट) आणि एसएक्स-६५० (३५ वॅट) साधे आणि दुरुस्तीला सोपे. एसएक्स-७८० लोकप्रिय आहे, पण त्यात सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी एसटीके जातीचे अख्खे हायब्रिड पॅक (अनेक भाग एकत्र बंद केलेले ठोकळे) आहेत. तसे पॅक आता बनत नाहीत आणि बाजारात नकली फिरतात, म्हणून घ्यायचा तर शाबूत वाजणाराच. यामाहाची सीआर मालिका मला स्वतःला सगळ्यांत आवडते. तिच्यात लाउडनेसचं नुसतं बटण नसून फिरवायचा नॉब असतो, त्यामुळे रात्री हळू आवाजात ऐकतानाही खर्ज हरवत नाही. सान्सुई, केनवुड, सोनी, रोटेल, शेरवुड, हिताची, जेव्हीसी यांतही चांगला माल आहे. कमी गाजलेलं नाव म्हणजे त्याच पैशांत जास्त चांगली अवस्था, हे गणित बहुतेक वेळा जमतं.

तुमच्याकडे टर्नटेबल आहे, ही इथे जमेची बाजू. त्या काळी तबकडी हाच मुख्य स्रोत होता, त्यामुळे स्वस्त रिसिव्हरच्याही फोनो भागावर, म्हणजे टर्नटेबल जोडायच्या भागावर, मेहनत घेतलेली असते. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) मूव्हिंग मॅग्नेट जातीचं असेल तर टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा वेगळा प्रीअँप लागणार नाही. टर्नटेबलमध्येच प्रीअँप असेल तर तो मात्र बंद करा, नाहीतर आवाज फाटेल.

आता मिळालेला तासभर कसा वापरायचा. सोबत एक स्वस्त, गेले तरी चालतील असे स्पीकर न्या. साधा मल्टीमीटर न्या आणि फोनला जोडायची आरसीए केबल न्या. स्पीकर लगेच जोडू नका. आधी रिसिव्हर नुसता चालू करा आणि कान द्या. काही सेकंदांनी "टक्" असा आवाज आला तर रिले जिवंत आहे. स्वस्त मॉडेलांत रिले नसतोही, पण असायला हवा असताना टक् आलंच नाही तर आतल्या संरक्षणाने दोष ओळखून स्पीकर तोडून ठेवलेत किंवा माझ्यासारखी कुणी रिलेशी छेडछाड केलेली असू शकते. मग व्हॉल्यूम शून्यावर ठेवून मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर घ्या आणि एकेका बाजूच्या स्पीकर टर्मिनलवर लावा; डीसी म्हणजे एकाच दिशेची वीज, ती स्पीकरकडे जवळपास जायलाच नको. ५० मिलिव्होल्टच्या आत आकडा आला तर छान. १०० च्या वर गेला तर काहीतरी सरकलंय, आणि व्होल्टमध्ये गेला तर तो रिसिव्हर तिथेच ठेवून निघा. हे मोजमाप मी तेव्हा केलं नव्हतं. मिनिटभराचंही काम नाही.

मग ते टाकाऊ स्पीकर जोडा. फोनवरून ओळखीचं गाणं लावा, बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. दोन्ही बाजू सारख्याच जोरात आणि सारख्याच स्वच्छ यायला हव्यात. खरखर आली तर घाबरू नका. नॉब आणि स्विच यांच्या आत साठलेली धूळ आणि ऑक्सिडेशन कॉन्टॅक्ट क्लीनरने जातं. गंज सोडवायचा कुठलाही तेलकट स्प्रे मात्र आत मारू नका. एक बाजू फिरवताना गायब होऊन परत येते, तेही बहुधा स्विचचं किंवा रिलेचं दुखणं. साधी खरखर आणि गंभीर दोष यांतला फरक असा: साधी खरखर नॉब हलवला की होते. काहीही न हलवता आपोआप येणारी चरचर, पॉपकॉर्न फुटल्यासारखी, ही ट्रान्झिस्टरची असू शकते आणि ती शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घुमणारा "हूँ" ऐकू आला तर मोठे फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा गुळगुळीत करणारे भाग) थकलेत असं समजा. ते बदलता येतात, पण किंमत ठरवताना तसं सांगा.

अर्धा तास वाजू द्या. हाताने झाकण चाचपा: कोमट चालेल, चटका बसला तर नको. एक बाजू गरम आणि दुसरी गार असेल तर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणाऱ्या प्रवाहाची जुळणी, बिघडलाय. आणि डीसी पुन्हा मोजा, कारण काही दोष तापल्यावरच बाहेर येतात. तेवढ्यात रेडिओ लावा, फोनो इनपुट तपासा, दोन्ही स्पीकर जोड्यांची बटणं दाबून पाहा. मागे फ्यूज दिसत असेल तर तो खरा फ्यूज आहे की चांदीच्या कागदात गुंडाळलेला, तेही बघा. हसू नका, मी पाहिलेत.

एक गंमत सांगतो, तिचा फायदा घेता येईल. "आवाज येत नाही" म्हणून भंगारात निघालेल्या रिसिव्हरपैकी काही अगदी धडधाकट असतात. टेप मॉनिटरचं (आवाज टेपडेकमार्गे घेणारं) बटण चुकून दाबलेलं राहिलं की टेपडेक नसताना यंत्र मुकं होतं. काही मॉडेलांत मागच्या बाजूला प्रीअँप आणि पॉवर अँप यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या कड्या असतात. त्या हरवल्या की आवाज बंद. कुणाला हे माहीत नसेल तर तो स्वस्तात देऊन टाकतो. फक्त अशा जुगारात तेवढेच पैसे लावा जेवढे गेले तरी झोप लागेल.

वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र थेट विजेला लावायचं नाही, हेही लक्षात असू द्या. जाणकार माणूस आधी त्याच्याशी जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी दिव्याने हे जमत नाही. आणि वायर काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते, तेव्हा सवय नसेल तर झाकण उघडूच नका.

मागची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जपानी बाजारासाठी बनलेला रिसिव्हर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. तुमच्याकडे २३० असतील आणि मागे व्होल्टेज निवडायची सोय नसेल, तर पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हिशेबात धरा. जपानी ट्यूनरचा एफएम पट्टाही वेगळा, ७६ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होऊन ९० ला संपणारा, त्यामुळे बाहेर त्यावर बहुतेक स्टेशनं लागतच नाहीत. एफएम ऐकणारच नसाल तर हे विसरा. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम प्रसारण बंदच केलं. त्याच पाटीवर स्पीकर किमान किती ओहमचे हवेत तेही लिहिलेलं असतं, आपल्याशी ताडून बघा.

"फुल रीकॅप केलेला", म्हणजे सगळे जुने कपॅसिटर बदललेला, असं ऐकलं की जास्त पैसे द्यावेसे वाटतात. विचारा: काय काय बदललं, कुणी बदललं, आतले फोटो आहेत का? माझं मत थोडं वेगळं आहे. चांगले चालणारे कपॅसिटर सरसकट उपटण्यात मला अर्थ दिसत नाही. घाईत केलेल्या कामात एखादा उलटा बसतो किंवा सर्किट बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते. फिल्टर कपॅसिटर, रिले, आणि काही यंत्रांत भागांवर लावलेला तो पिवळसर गोंद, जो म्हातारपणी तपकिरी होऊन तारा खातो, एवढं तरी बघून घ्यावं. म्हणून बजेटचे तीन भाग करा: दोन खरेदीला, एक सर्व्हिसिंगला. तिसरा भाग वाचला तर रेकॉर्ड घ्या.

तुमच्या ३० वॅटवाल्याचा गेलेला दिवा आणि खरखर या दोन्ही गोष्टी किंमत कमी करून घ्यायच्या कामी येतील, तेवढंच त्यांचं महत्त्व. फोन किंवा सीडी प्लेअर ऑक्सला (बाहेरचं यंत्र जोडायच्या इनपुटला) लावाल तेव्हा नॉब जरासा फिरवताच आवाज दणकन वाढेल, तोही बिघाड समजू नका. जुन्या ऑक्सला साधारण १५० मिलिव्होल्ट पुरतात आणि सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. फोनचा आवाज खाली घ्या आणि नॉब मधल्या पट्ट्यात वापरा, तिथे दोन्ही बाजूही जास्त सारख्या वाजतात.

घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस तेच टाकाऊ स्पीकर ठेवा. रोज दोन-तीन तास वाजवा, गरम असताना डीसी मोजा, आकडा स्थिर राहिला तर मग तुमची जोडी लावा.