विंडोजवर नीट चालणारा वाइड स्कॅनएफ लिनक्सवर कचरा का वाचतो?

तुमचा प्रश्न असा, की एसडब्ल्यूस्कॅनएफला (वाइड मजकुरातून वाचणारं सी भाषेतलं फंक्शन) %एस (शब्द वाचायचा फॉरमॅट) देऊन डब्ल्यूचार_टी (वाइड अक्षराचा प्रकार) बफरमध्ये नाव वाचलं; विंडोजवर बरोबर आलं, लिनक्सवर कचरा आला, मग जीलिबसीत (लिनक्सवरची सी लायब्ररी) बग आहे का?

नाही. चूक तुमच्या %एसमध्ये आहे. सी मानकानुसार वाइड फंक्शनमध्येसुद्धा नुसत्या %एसला साधा ‘चार’ पॉइंटर लागतो (हा ‘चार’ म्हणजे कॅरेक्टरचा एक बाइटाचा प्रकार, आकडा नव्हे). डब्ल्यूचार_टी हवा असेल तर %एलएस. मायक्रोसॉफ्टची लायब्ररी वाइड फंक्शनमध्ये %एसचा अर्थ वाइड असाच घेते. लिनक्सवर डब्ल्यूचार_टी ४ बाइटांचा, त्यामुळे रोमनमधल्या ‘राम’ची तीन अक्षरं आणि शेवटचा शून्य हे चारही बाइट बफरच्या पहिल्याच खान्यात कोंबले जातात. हाच तुमचा कचरा. उलटा प्रवास जास्त घातक: लिनक्सवर %एस आणि चार बफर वापरून लिहिलेला बरोबर कोड विंडोजवर दर अक्षरामागे २ बाइट लिहितो आणि बफर फुटतो.

रिव्ह्यूत ‘विंडोजवर एलची गरज नाही, काढा’ असा शेरा हमखास येतो. मला तो अजिबात मान्य नाही. %एलएस, %एलसी, %एल[ यांचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे, आणि वाइड फॉरमॅट जीसीसी कंपायलर तपासत नाही, म्हणजे चुकलात तर इशाराही मिळत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून मानकाप्रमाणे वागायला लावणारा मॅक्रो आहे, पण तो लिंक होणाऱ्या सगळ्या फाइलींत सारखा लागतो. त्यापेक्षा एक एल लिहा.

रुंदी (जास्तीत जास्त किती अक्षरं वाचायची तो % नंतरचा आकडा) द्याच, पण ती बाइटांत नसते. ‘महाराष्ट्र’मध्ये १० कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं; काना, हलन्तही वेगळे मोजले जातात) आहेत. %१०एलएसला ११ खाने पुरतात. लिनक्सवर %१०एसने चार बफरमध्ये घेतलंत तर यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट, वर शेवटचा शून्य, म्हणजे ३१. आणि सुरुवातीला सेटलोकेल (प्रोग्रामची भाषा-सेटिंग लावणारं फंक्शन) केलं नसेल तर जीलिबसीत देवनागरीचं हे रूपांतरच फसतं.

चार बफरच हवा असेल तर? %एचएस विंडोजवर चालतं, पण मानकात त्याला आधार नाही. %एलएसने वाचा, मग डब्ल्यूसीएसटूएमबीएसने (वाइड मजकूर बाइटांत बदलणारं फंक्शन) बदला. मात्र विंडोजवर डब्ल्यूचार_टी २ बाइटांचा आहे, तिथे इमोजी दोन खाने खातो आणि रुंदीच्या मर्यादेवर मधोमध तुटू शकतो. देवनागरी एकाच खान्यात मावते, म्हणून फक्त मराठी नावांवर चाचणी केलीत तर हे दिसणार नाही.