गाडीचा डॉक्टर : रुंद टायर, हवा किती?

प्रश्न : माझ्या गाडीचे मूळ टायर १८५/६५ आर १५, लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) ८८. दिवाळीत १७ इंची अलॉय घेतले आणि २०५/४५ आर १७ टायर घातले. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय आहे. दुकानदार म्हणतो, टायर रुंद झाला, ३० पुरे. मित्र म्हणतो, टायरवर ५१ लिहिलंय, बिनधास्त ४५ टाक. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : दोघांचंही नका ऐकू. ५१ ही त्या टायरची थंड असतानाची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीचा सल्ला नव्हे. आणि रुंद म्हणून ३० हे तर उलटंच झालं.

नागपूरजवळच्या वाडीला ट्रकच्या टायरांत माझी निम्मी हयात गेली. ट्रकवाला आधी सांगतो माल किती टन आहे, मग हवा भरून घेतो. कारवाला फक्त आकडा विचारतो. खरं तर वजन टायरमधली हवा पेलते, आणि रुंदी वाढली तरी बाजूची भिंत बुटकी झाली की आत मावणारी हवा कमी होते. तुमची भिंत १२० मिमीची (१८५ चे ६५ टक्के) ९२ (२०५ चे ४५ टक्के) झाली आहे.

आता टायरवर आकाराच्या पुढचं वाचा. ‘८८’ आणि ‘एक्सएल’ असेल, तर वजन जुन्याइतकंच, ५६० किलो. पण साधा टायर ते ३६ पीएसआयला पेलतो, एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोडवाला ४२ ला. ३३ वर तुमचा जुना टायर साधारण ५२० किलो पेलत होता, नवा जेमतेम ४६०. दर चाकामागे साठ किलोंची तूट! ती भरून काढायला ३८ च्या आसपास जावं लागतं. ३८ ने सुरुवात करा. दोन-तीन महिन्यांनी टायर मधोमध झिजताना दिसला तर एक पीएसआय उतरवा, दोन्ही कडांना झिजला तर एक चढवा. फुल लोडसाठी स्टिकरवर मागच्या चाकांना जेवढी जास्त हवा सांगितली असेल, तेवढीच वाढ इथेही करा.

एक्सएल नसून नुसतं ‘८४’ असेल, तर तो टायर ५०० किलोंचा. हवा कितीही वाढवा, जुन्याची ताकद त्याला येत नाही. दुकानदाराला परत करा, भांडावं लागलं तरी.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा, आणि स्वतःचा गेज घ्या. पंपावरचे गेज किती लोकांनी आपटलेले असतात ते बघताच आपण. आपल्याकडे सिमेंट रस्ता आणि गट्टू यांच्यामध्ये ज्या पायऱ्या राहून गेल्यात, त्यांच्यावर कमी हवेचा ४५ सिरीजचा टायर आपटला की अलॉय वाकलाच समजा.

प्रश्न : मे महिन्यात समृद्धीवर जाताना टायर फुटू नये म्हणून हवा कमी करावी म्हणतात. किती करू?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अजिबात नको. तापमान दहा अंश चढलं की दाब दीडेक पीएसआय वाढतो. पहाटेचे ३३ दुपारी धावताना ३७-३८ झाले तर त्यात नवल नाही. ती वाढ धरूनच टायर बनवतात. टायर फुटतो तो बहुधा हवा कमी असल्यामुळे : भिंत दर फेऱ्याला वाकते, आतून तापते, आणि ताशी १२० ला ती उष्णता बाहेर पडायला उसंत मिळत नाही. गरम टायरची हवा सोडू नका. नायट्रोजनसाठी पैसे मोजायचे तर मोजा, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे.

जाता जाता मनीषनगरवाल्यांना : स्टेपनी जुनीच १५ इंची असेल, तर तिच्यात ३५-३६ ठेवा, कारण तिच्याकडे महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. आणि अलॉयचे नट स्टीलच्या रिमला बसतीलच असं नाही. जुने नट डिक्कीत टाकून ठेवा.