कारखान्यातले हरित माहिती तंत्रज्ञान: मुलीने ही वाट धरावी का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमची मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उत्पादन कंपन्या पर्यावरणपूरक माहिती तंत्रज्ञान कसे स्वीकारतात, या विषयावर तिला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा आहे आणि पुढे नोकरीही त्यातच शोधायची आहे. तुम्ही स्वतः बावीस वर्षे एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात आहात, त्यामुळे हे काम खरे आहे की वार्षिक अहवालात छापण्यापुरते आहे, अशी शंका तुमच्या मनात आहे. तुम्ही लिहिता, "आमच्या प्रवेशद्वारापाशी दोन वर्षांपूर्वी विजेच्या बचतीचे आकडे दाखवणारा मोठा पडदा लागला. पहिला आठवडाभर सगळे थांबून पाहत होते. आता त्याच्या काचेवर शिफ्टच्या वेळापत्रकाचे कागद चिकटवलेले असतात." आणि शेवटी विचारता, की या वाटेने गेली तर ती धड संगणकातली नाही, धड कारखान्यातली नाही, अशी अधांतरी तर राहणार नाही ना.

काम खरे आहे. मात्र 'हरित माहिती तंत्रज्ञान' असे नाव असलेली पदे थोडी आहेत. हे काम ऊर्जा व्यवस्थापन, प्लांट डिजिटलायझेशन, ऑटोमेशन, ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) किंवा शाश्वतता अहवाल अशा वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले असते. आणि ज्या मधल्या जागेची तुम्हाला धास्ती वाटते, नेमकी तीच जागा आज बहुतेक कंपन्यांत रिकामी आहे.

या विषयाला दोन बाजू आहेत आणि तिने त्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात. एक बाजू म्हणजे संगणक यंत्रणेचाच पर्यावरणावरील भार कमी करणे. कमी वीज खाणाऱ्या संगणकांसाठी एनर्जी स्टार ही खूण १९९२ साली आली. त्यानंतर अनेक अर्धवट वापरातल्या सर्व्हरचे काम व्हर्च्युअलायझेशनने मोजक्या सर्व्हरवर आणणे, सर्व्हर रूम विनाकारण गार न करणे (सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असली तरी चालते, असा या क्षेत्रातला प्रस्थापित संकेत आहे) आणि जुनी उपकरणे अधिकृत पुनर्वापराकडे पाठवणे, अशा सवयी रुळत गेल्या. शेवटची सवय अजून पुरती रुळलेली नाही. २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या आयुष्यभरातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडून गेलेला असतो, त्यामुळे नवा 'हरित' लॅपटॉप घेण्यापेक्षा हातातला दोन वर्षे जास्त वापरणे पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते.

तरीही उत्पादन कंपनीत ही बाजू लहानच राहते. भट्ट्या, कॉम्प्रेसर, पंप आणि चिलर यांच्यापुढे कार्यालयातल्या संगणकांची वीज ती किती असणार? कारखान्यात खरे महत्त्व आहे ते दुसऱ्या बाजूला, म्हणजे माहिती तंत्रज्ञानाच्या साहाय्याने उत्पादनातील वीज, पाणी, कच्चा माल आणि भंगार कमी करण्याला. तुमच्या मुलीला कारकीर्द करायची असेल तर ती इथे करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते मत कशावरून बनले, हे सांगायला हवे. मार्गदर्शनाच्या कामात येण्यापूर्वी मी काही वर्षे एका उत्पादन कंपनीच्या माहिती तंत्रज्ञान विभागात होते. तिथे प्रत्येक विभागाला वीजमीटर बसवून त्यांची नोंद दर पंधरा मिनिटांनी संगणकात येईल, अशी व्यवस्था आम्ही उभी केली. आलेख सुरेख दिसत होते, पण एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, एकही मशीन चालू नसताना, प्रेस शॉपची (दाबयंत्रांनी धातूला आकार देणाऱ्या विभागाची) रेघ खाली येतच नव्हती. उत्पादन विभागाने मीटर बिघडला असल्याचे सांगितले, आम्ही मीटर तपासून तो ठीक असल्याचे कळवले, आणि आठ महिने तो आलेख तसाच पडून राहिला. मग एका सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्सचे एक जुने फोरमन मला घेऊन शॉपमध्ये गेले. रोजच्या गोंगाटात जे कधीच ऐकू आले नसते, ते त्या शांततेत स्पष्ट ऐकू येत होते: छताजवळच्या हवेच्या लाइनपासून मशीनच्या होजपर्यंत ठिकठिकाणी बारीक सूं-सूं आवाज. त्यांनी साबणाचे पाणी कपलिंगवर टाकले आणि लगेच बुडबुडे फुलले. मशीन बंद होत्या, पण गळणारी हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर दिवसभर चालू होता. हे तुम्हाला नवे नाही. ज्या कारखान्यात गळतीकडे लक्ष दिले जात नाही तिथे कॉम्प्रेसरच्या उत्पादनापैकी २० ते ३० टक्के हवा अशीच जाणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे.

आलेखात हे सारे आठ महिने दिसत होते. मग कुणी काही केले का नाही? विजेचे बिल सामायिक खर्चात जात होते, त्यामुळे ते कोणत्याच विभागाचे नव्हते. मीटर बसवण्याचे कारणही वेगळेच होते: एका मोठ्या ग्राहकाच्या प्रश्नावलीत ऊर्जावापराचे आकडे भरायचे होते. ते भरले गेले आणि यंत्रणेचे काम झाले, असे सगळ्यांनी धरून चालले. पुढे बिलाची विभागवार वाटणी सुरू झाली, तेव्हा तोच आलेख प्रेस शॉपचे व्यवस्थापक दर सोमवारी सकाळी स्वतःहून मागू लागले.

तुमच्या मुलीच्या प्रकल्पाचा गाभा यातच आहे. या विषयावरचे बरेच संशोधन दोन चौकटींवर उभे असते. १९९० साली मांडलेली एक चौकट सांगते, की नवे तंत्रज्ञान स्वीकारण्याचा निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: तंत्रज्ञान कसे आहे, संस्था कशी आहे आणि संस्थेभोवतीची परिस्थिती कशी आहे. दुसरा विचार डिमॅजिओ आणि पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला. त्यांच्या मते संस्था एकमेकींसारख्या होत जातात त्या कायद्याच्या किंवा बड्या ग्राहकाच्या सक्तीमुळे, अनिश्चिततेत इतरांचे अनुकरण केल्यामुळे आणि व्यवसायात रुजलेल्या आदर्शांमुळे. तिने दोन्ही चौकटी जरूर अभ्यासाव्यात. पण बाहेरचा दाब कंपनीला यंत्रणा विकत घ्यायला लावतो, ती वापरायला लावत नाही, हे तिने पक्के लक्षात ठेवावे. तुमच्या प्रवेशद्वारावरचा पडदा बहुधा अशाच दाबातून किंवा अनुकरणातून आलेला असावा. "तुमच्या कंपनीने ही यंत्रणा स्वीकारली आहे का?" असे प्रश्नावलीत विचारले, तर उत्तर 'हो' येईल, आणि ते खोटेही नसेल. म्हणून तिने पुढचे प्रश्न विचारावेत: तो आकडा रोज कोण पाहतो, आकडा बिघडला तर व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार त्या माणसाला आहे का, आणि त्या आकड्यामुळे शेवटचा निर्णय कधी बदलला?

अडथळ्यांविषयी तिला पुस्तकांपेक्षा तुमच्याकडून जास्त कळेल. पंचवीस वर्षे जुन्या मशीनला माहिती बाहेर देण्याची सोयच नसते. तिथे केबलभोवती करंट ट्रान्सफॉर्मर (केबलमधून वाहणारा प्रवाह बाहेरूनच मोजणारे साधन) लावून काम भागवावे लागते. उत्पादनाचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कला जोडायचे म्हटले की सुरक्षेचा प्रश्न येतो, आणि तो रास्त असतो. सर्व्हर खरेदी करणारा विभाग त्याचे वीजबिल भरत नाही, त्यामुळे जास्त वीज खाणारी स्वस्त वस्तूच निवडली जाते. लाइन थांबेल या भीतीने चालू मशीनला कुणी हात लावू देत नाही. शिवाय कार्यक्षमता वाढली की वापरही वाढू शकतो, हे जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने कोळशाच्या संदर्भात १८६५ सालीच दाखवून दिले होते. वाचलेल्या हवेवर आणखी दोन मशीन जोडल्या गेल्या तर एकूण वीज कमी झाली असे म्हणता येत नाही.

मागणीचे म्हणाल, तर ती वाढते आहे आणि त्याची कारणे टिकाऊ आहेत. पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ १४००१ हे मानक १९९६ पासून आहे, ऊर्जा व्यवस्थापनाचे आयएसओ ५०००१ हे २०११ पासून. हरितगृह वायूंचा हिशेब मांडण्याच्या प्रचलित पद्धतीत कंपनीचे थेट उत्सर्जन स्कोप १ मध्ये, विकत घेतलेल्या विजेचे स्कोप २ मध्ये आणि पुरवठादारांसह उरलेल्या साखळीचे स्कोप ३ मध्ये धरतात. त्यामुळे बड्या कंपनीला स्वतःचा स्कोप ३ मांडायचा असेल तर तिला पुरवठादार कारखान्याकडून आकडे घ्यावेच लागतात. युरोपीय संघाने सीमेवरील कार्बन समायोजनाखाली पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाच्या आयातीबरोबर उत्सर्जनाची माहिती देणे १ ऑक्टोबर २०२३ पासून बंधनकारक केले आणि २०२६ च्या आयातीपासून त्या उत्सर्जनाची किंमतही मोजावी लागते. तिथल्या बाजारात विजेवरील वाहनांच्या बॅटऱ्यांना १८ फेब्रुवारी २०२७ पासून डिजिटल पासपोर्ट, म्हणजे त्या बॅटरीची माहिती असलेली संगणकीय नोंद, लागणार आहे. हे आकडे वर्षाअखेरीस अंदाजाने भरता येत नाहीत. मीटर, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक), उत्पादनाची नोंद आणि ईआरपी यांची सांगड घालून एका नगामागे किती वीज गेली, हे कुणाला तरी काढावेच लागते, आणि ते काढणारी माणसे थोडी आहेत.

शिक्षणाचे बोलायचे तर प्रोग्रामिंग आणि डेटाबेस तिला महाविद्यालयात मिळेलच. जे तिथे मिळणार नाही ते तिने मुद्दाम मिळवावे. किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांतला फरक, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) आणि थ्री-फेज जोडणी समजल्याशिवाय तिला मीटरची चूक ओळखता येणार नाही. मॉडबस आणि ओपीसी यूए या मशीनशी बोलण्याच्या दोन पद्धती तिने शिकाव्यात आणि छोटा पीएलसी घेऊन स्वतः जोडणी करून पाहावी. थोडे खर्चलेखन यावे, कारण गुंतवणूक किती महिन्यांत वसूल होईल हे सांगता आले नाही तर चांगला प्रस्तावही टेबलावरून परत येतो. आठवडाभराच्या 'हरित तज्ज्ञ' प्रमाणपत्रांवर पैसे खर्च करू नयेत. त्याऐवजी आयएसओ ५०००१ च्या अंतर्गत लेखापरीक्षणाचे प्रशिक्षण पुढे नक्की कामी येते. पदव्युत्तर शिक्षणाची घाई नको. दोन वर्षे एखाद्या प्लांटच्या ऊर्जा किंवा ऑटोमेशन विभागात काढली, तर ऊर्जा प्रणाली, औद्योगिक अभियांत्रिकी की माहिती प्रणाली, हे तिचे तिलाच ठरवता येईल.

अधांतरी राहण्याची भीती अगदीच निराधार नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे अशा माणसाला दोन वरिष्ठांना उत्तर द्यावे लागते, संगणक विभाग त्याला कारखान्याचा समजतो आणि कारखाना त्याला संगणकवाला म्हणतो. बढतीची शिडीही आखलेली नसते. यावर मला दिसलेला उपाय असा, की पहिल्या नोकरीत पाय एकाच विभागात घट्ट रोवावा आणि हात दुसऱ्याकडे पोहोचू द्यावा. तिने प्लांटच्या बाजूने सुरुवात करावी असे मी सुचवेन, कारण पुढे संगणकाच्या बाजूला जाणे सोपे असते, उलट येणे फार अवघड जाते.

प्रकल्पाची सुरुवात तिने तुमच्या त्या पडद्यापासूनच करावी. व्यवस्थापनाची रीतसर परवानगी आणि सुरक्षेचे नियम पाळून तिला एक दिवस कारखान्यात न्या. तो पडदा कुणी मागवला, त्यावरचा आकडा कोणत्या मीटरवरून येतो आणि तो कुणाच्या बिलात मोडतो, हे तिला तिचे शोधू द्या. उत्तरे तुम्ही आधी सांगू नका. आणि जमल्यास गेल्या सहा महिन्यांतील सुट्टीच्या दिवसांची तासागणिक वीजनोंद तिला मागून घेऊ द्या. पडद्याला आकडे पुरवणाऱ्या संगणकात ती बहुधा साठलेली असेल.