वाचक विचारतात : जिप्सी जॅझ वाजवायला पिक कोणता घ्यावा?

प्रश्न : मी अकूस्टिक गिटार वाजवतो, तार छेडायचा पिक ०.७३ मिमी जाडीचा आहे. आता गिटारवादक जँगो राइनहार्टच्या शैलीतलं, म्हणजे जिप्सी जॅझचं वादन शिकायला घेतलंय. त्यासाठी ३.५ मिमी, अगदी ५ मिमीचेही पिक सुचवले जातात. एवढा जाड पिक खरंच लागतो का? पहिला कोणता घेऊ?
— वाचक, ठाणे

उत्तर : जाड पिक लागतो, पण ०.७३ वरून थेट ३.५ वर उडी मारू नका.

१९३४ साली पॅरिसमध्ये जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचा जो वाद्यमेळ उभा राहिला, त्यात तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक डबल बेस होता. ड्रम्स नव्हते. दोन गिटार ताल धरत असताना तिसरीचा सोलो वर उठून यायचा, तर जोर उजव्या हातातूनच यायला हवा. तो जोर मिळतो रेस्ट स्ट्रोकमधून : डाउनस्ट्रोक (वरून खाली फटका) मारताना पिक तारेला गिटारच्या पोटाकडे दाबत जातो आणि खालच्या तारेवर टेकून थांबतो. तार बदलली की पहिला फटका पुन्हा डाउनस्ट्रोकच. मनगट थोडं वाकलेलं आणि हात मोकळा ठेवायचा, ब्रिजवर तळवा टेकवायचा नाही.

आता यात ०.७३ चा पिक वापरून बघा. तारेला लागल्यावर तो आधी स्वतः वाकतो आणि मग तार सोडतो. स्वर किंचित उशिरा येतो आणि त्याच्याआधी प्लास्टिकची टपटप ऐकू येते. पुढे खालच्या तारेवर टेकताना तो पुन्हा वाकतो. लय वाढवली की हात मागे पडतो तो इथेच.

मात्र २ मिमीच्या पुढचे बहुतेक पिक हाताच्या जोराने वाकतच नाहीत. त्यामुळे २ आणि ५ मिमीमध्ये कडकपणाचा फरक नावापुरताच उरतो. फरक असतो तो वजनाचा, पकडीचा आणि सगळ्यात जास्त म्हणजे कडेला दिलेल्या उताराचा. आमचं ठाम मत असं की पिक निवडताना आकड्याआधी कड बघावी. जाड पिकच्या कडेला नीट उतार नसेल, तर अपस्ट्रोकला (खालून वर फटका) तो तारेत अडकतोच.

सुरुवातीला डनलॉपचा स्टबी २ मिमीचा घ्या, महिनाभराने त्यातलाच ३ मिमीचा. टोक तारेच्या आत ३-४ मिमीच जाऊ द्या. पकड सैल ठेवा. जाड पिक दाबून धरावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. हात बसला की मग नेदरलँड्सच्या वेगनचा ३.५ मिमी किंवा फ्रान्सचा द्युगँ यांचा विचार करा. वेगनची कड तयार घासलेली येते. द्युगँला अंगठ्यासाठी खळगा कोरलेला असतो आणि तो लाकूड, शिंग, हाड, करवंटी अशा साहित्यांत मिळतो. दोन्ही साध्या पिकपेक्षा कितीतरी महाग आहेत, त्यामुळे हात बसण्याआधी त्यावर पैसे घालू नयेत. डावखुरे असाल तर ऑर्डर देताना तसं सांगा, कारण उतार आणि खळगा हाताप्रमाणे उलटतो.

निवडताना फोन एक मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा. पहिल्या तारेवर ट्रेमोलो (एकाच स्वरावर भरभर वर-खाली फटके), दुसरीवरून पहिलीवर येणारे डाउनस्ट्रोक, आणि ला पाँप या या शैलीतल्या साथीचा ताल (चारपैकी १ली आणि ३री मात्रा हलकी, २री आणि ४थी ठसठशीत व तुटक) आधी मिनिटाला १२० आणि मग २०० ठोक्यांच्या लयीत. पाँप फार टोचरा वाटला तर पिक फिरवून टोकाऐवजी गोल खांद्याने वाजवा. वेगळा पिक लागत नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. या शैलीच्या, सेल्मर या फ्रेंच कंपनीच्या घडणीच्या गिटारवर ०.०१० किंवा ०.०११ इंच जाडीने सुरू होणाऱ्या, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या वेटोळ्याच्या हलक्या तारा असतात, आणि बाराव्या पडद्यावर तार सुमारे ३ मिमी उंच असते. तुमच्या गिटारवर ०.०१२ इंचाने सुरू होणाऱ्या ब्राँझ तारा असतील, तर तोच पिक जड आणि बोथट वाटेल. अशा वेळी पिक बदलण्याआधी तारा बदलून बघा.

प्रश्न : ३ मिमीचा अॅक्रिलिक पिक घेतला. वरच्या तीन जाड तारांवर खर्रखर्र आवाज येतो आणि अपस्ट्रोकला पिक अडकतो. पिक खराब आहे का?
— वाचक, नाशिक

उत्तर : आधी दोष कुठे आहे ते शोधा. पिक तारेला अगदी समांतर, सपाट धरून पाचवी तार सावकाश छेडा. खर्रखर्र थांबली, तर दोष कोनाचा : तिरका पिक तारेच्या लांबीच्या दिशेने घसरत वेटोळ्यांवरून जातो. कोन कमी करा. सपाट धरूनही आवाज राहिला, तर कड खरखरीत आहे. ती नखावरून ओढा. खरवडल्यासारखं वाटलं किंवा नखावर पांढरी रेघ उठली, तर घासायलाच हवी.

पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा आणा. काचेवर ओला कागद ठेवा. पिक साधारण ४५ अंशांत धरून टोकाच्या दोन्ही बाजूंचा, तारेला लागणारा काठ ४०० वर घासा, म्हणजे उतार तयार होईल. मग पिक हलवत हलवत काठ गोल करा. पुढच्या प्रत्येक कागदावर दोन-तीन मिनिटं पुरतात. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय नंबर वाढवू नका. घाई केली की ते पॉलिशखाली तसेच राहतात आणि तारेवर ऐकू येतात. शेवटी जुन्या जीन्सच्या तुकड्यावर ब्रासोचा थेंब घेऊन काठ चमकेपर्यंत चोळा आणि साबणाने धुऊन टाका.

ग्राइंडर किंवा ड्रिलला लावलेलं चाक वापरू नका. अॅक्रिलिक तापून वितळतं आणि काठावर गुठळी धरतं. आणि हे काम टाळूही नका, कारण खरखरीत कड तारेवरचा मुलामा खाते. थोड्याच दिवसांत फटका पडतो तिथे तांबं लाल दिसू लागलं, तर समजा की कड चुकली आहे.

प्रश्न : करवंटीपासून पिक घरी बनवता येईल का? आमच्याकडे नारळाला तोटा नाही.
— वाचक, वेंगुर्ले

उत्तर : जरूर बनवा. सरोदचा जवा (सरोद छेडायचा तुकडा) पिढ्यानपिढ्या करवंटीचाच होत आला आहे, आणि जाड, न वाकणारा, घासून गुळगुळीत केलेला जवा या कामाच्या फार जवळचा आहे. सरोदवादकाकडून एखादा जवा मिळाला तर आधी तोच गिटारवर लावून बघा.

पक्क्या नारळाची, ३ ते ४ मिमी जाडीची करवंटी निवडा. बाहेरचा काथ्या आणि आतली साल सुरीने खरवडून काढा आणि तुकडा आठवडाभर सावलीत वाळवा. उजेडासमोर धरून केसाएवढी जरी चीर दिसली तरी तो टाकून द्या, कारण वाजवताना तो तिथेच फुटेल. सुमारे ३० मिमी बाजूचा त्रिकोण आखून बारीक पात्याच्या करवतीने कापा आणि कानशीने आकार द्या. करवंटीचा आतला खोलगट भाग अंगठ्याकडे ठेवा. कोरल्याशिवाय खळगा मिळतो. मग १२० पासून १००० पर्यंतचा पॉलिश पेपर, कोरडाच. धूळ फार बारीक असते, मास्क लावा. टोकाला खोबरेल तेलाचा एक थेंब चोळून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. पकडीच्या जागी तेल नको.

आवाज अॅक्रिलिकपेक्षा मऊ, लाकडी येतो. टोक लवकर झिजतं, तेव्हा १००० चा कागद हाताशी ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात घामाने पिक बोटातून फिरतो. उपाय?
— वाचक, मुंबई

उत्तर : पकडीच्या जागी ब्लेडने आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडा किंवा २ मिमीची तीन भोकं पाडा. मधमाशांचं मेण अगदी थोडं चोळलं तरी चालतं. शिंग आणि केसीनचे (दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकचे) पिक दमट हवेत वाकडे होऊ शकतात. ते कोरड्या डबीत ठेवा.

प्रश्न : जुना, खऱ्या कासवाच्या पाठीचा पिक विकत मिळतोय. घ्यावा का?
— वाचक, पुणे

उत्तर : नाही. हे पिक हॉक्सबिल समुद्री कासवाच्या पाठीपासून बनत. ते कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. तसा रंग हवा असेल तर सेल्युलॉइडचे तपकिरी ठिपक्यांचे पिक सर्रास मिळतात, पण ते बहुधा पातळ असतात. या शैलीसाठी २ मिमीच्या खालचा घेऊ नका.