टेकडाउन शिकताना

अरे, 'बर्नआउट पॅराडाइज' या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमची २०१८ची सुधारित आवृत्ती घेतलीस, छान केलंस. पण लगेच शर्यतींच्या मागे लागू नकोस, आधी शहर पालथं घाल. इथे शर्यतीचा शेवट ठरलेला असतो, रस्ता तुझा तू निवडायचा. वळायची वेळ आली की वर रस्त्याच्या नावाची पाटी लुकलुकते, तिच्यावर नजर ठेव.

आपल्या मुंबईकरांचा हात सवयीने डावीकडे जातो. इथे वाहतूक उजवीकडून चालते, म्हणजे डावी लेन समोरून येणाऱ्यांची. तरी तिच्यात मुद्दाम घुस! समोरच्या गाडीला अगदी चाटून निघालास की बूस्ट, म्हणजे जादा वेगाचा साठा, भरतो.

टेकडाउनसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची गाडी ठोकून फोडण्यासाठी, मागून ढकलत बसू नकोस. बरोबरीला ये, थोडा दम धर, आणि तो प्रतिस्पर्धी कठड्याजवळ किंवा खांबाजवळ आला की मगच त्याच्या अंगावर घाल. सुरुवातीला मिळणारी हंटर कॅव्हलरी ही गाडी यासाठी मस्त आहे, ती लवकर सोडू नकोस. शहरात मोकळी फिरणारी नवी गाडी दिसली तर हातातलं सगळं सोडून तिचा पाठलाग कर. तिला ठोकलीस की ती तुझ्या भंगारवाड्यात, म्हणजे गेममध्ये तुझ्या गाड्या असतात तिथे, येते.

आणि हेडफोन लाव रे, काच फुटल्याचा आवाज ऐकण्यासारखा आहे.