ज्यू लोक तोराचं (त्यांच्या पवित्र धर्मग्रंथाचं) वाचन पूर्ण झाल्यावर कोणता सण साजरा करतात?

त्या सणाचं नाव सिमहात तोरा. सुक्कोथ हा ज्यूंचा आठवडाभराचा सण संपल्यावर लगेच, साधारण सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये येतो. इस्रायलमध्ये ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 22 तारखेला, बाहेरच्या देशांत बहुतेक ठिकाणी 23 ला.

तोराचे 54 भाग पाडलेले आहेत. दर शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) एक, कधी दोन, असे वाचत वर्षभरात पारायण पूर्ण होतं. या दिवशी शेवटचा भाग वाचतात, त्यात ज्यूंचा महान संदेष्टा मोशे याचा मृत्यू येतो. आणि तिथे न थांबता त्याच सभेत तोराची दुसरी गुंडाळी उघडून 'उत्पत्ती' या तोरातल्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय सुरू करतात! मला यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. ज्याला शेवटच्या वाचनाचा मान मिळतो त्याला 'तोराचा नवरदेव' म्हणतात. सुरुवातीच्या वाचनाचाही वेगळा नवरदेव असतो.

सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) तोराच्या सगळ्या हस्तलिखित गुंडाळ्या बाहेर काढून, त्या कवेत घेऊन गात-नाचत सात फेरे घालतात. एरवी तोरावाचनाला न बोलावली जाणारी लहान मुलंही या दिवशी पुढे येतात. त्यांच्या डोक्यावर मोठी प्रार्थनेची शाल धरतात.

सोव्हिएत काळात धर्म पाळणं अवघड असतानाही, 1960 च्या दशकात मॉस्कोच्या सिनेगॉगबाहेरच्या रस्त्यावर हजारो तरुण या रात्री नाचायला जमत. त्यांतल्या अनेकांना हिब्रू वाचताही येत नव्हतं.

आपल्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यूही, हा सण पाळतात.