वाचकांचे प्रश्न : शेफिल्डचं उताराचं मैदान

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये शेफिल्डला शिकते. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडे निघालोय. प्रीमियर लीगचं तिकीट काही परवडायचं नाही. ‘त्यापेक्षा नॉन-लीग मैदान बघून या’ असं पेठेतली मंडळी म्हणतात. म्हणजे लीगच नसलेला फुटबॉल का? जायचं कुठं?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : नाव फसवं आहे. प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन विभागांतले ७२, असे ९२ क्लब वगळले की उरलेलं सगळं नॉन-लीग. तिथंही लीग, बढती, घसरण सगळं रीतसर असतं. फक्त बरेचसे खेळाडू नोकरी-धंदा सांभाळून खेळतात.

शेफिल्डात असाल तर क्रॉसपूल भागातलं सँडीगेट चुकवू नका. हॅलम एफसी या क्लबचं हे मैदान जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनीज बुकात आहे. १८०४ पासून इथं क्रिकेट होतं. २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलमनं शेफिल्ड एफसीशी सामना खेळला आणि २-० असा हरला.

मैदान सपाट नाही, हे गेल्या गेल्या कळेल. आधी एका कोपऱ्यात उभं राहून समोरच्या कोपऱ्याकडे नजर टाका, मग खेळ बघा. उताराच्या दिशेनं मारलेला लांब पास पळणाऱ्याच्या पुढं निघून बाहेर जातो. चढाकडे मारलेला वाटेतच थांबतो. त्यामुळं इथं नाणेफेकीला किंमत आहे.

क्लबच्या ठेव्यात युडन चषक आहे. शेफिल्डातले नाट्यगृहाचे मालक थॉमस युडन यांनी १८६७ मध्ये ही स्पर्धा भरवली. अंतिम सामन्यात हॅलम आणि नॉरफोक, दोघांचाही गोल नाही. हॅलम जिंकला तो ‘रूज’वर. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा फुटांवर झेंडे असत. चेंडू झेंडा आणि खांब यांच्यामधून गेला आणि तुमच्या गड्यानं धावत जाऊन त्याला आधी हात लावला, की एक रूज. गोल बरोबरीत असले तरच रूज मोजायचे. नियम वर्षभरातच गेला, चषकही पुढं हरवला. तो १९९७ मध्ये सापडला. सामन्याच्या दिवशी तो बघायला मिळेलच असं धरून चालू नका, क्लबला आधी विचारा.

सामने बहुधा शनिवारी दुपारी ३ वाजता. तिकीट दारातच, कार्डाबरोबर थोडी सुटी नाणीही जवळ असू द्यात. निघण्याआधी, साधारण बाराच्या सुमाराला, क्लबचं पान उघडून सामना होतोय ना ते बघा. या पातळीवर पाण्याचा निचरा बेताचाच. चिखलात चेंडू घरंगळत नाही, पाय मुरगळतात. म्हणून सकाळी पाहणी करून पंच सामना पुढं ढकलतात. त्याच दिवशी एखाद्या चषक स्पर्धेचा सामना लागला तर लीगचा सामना दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी, बऱ्याचदा आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री प्रकाशझोतात जातो. जाड मोजे घालूनच जा. दोन तास उभं राहिलं की थंडी तळव्यातून चढते.

प्रश्न : आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन्ही तालमींचे (म्हणजे फुटबॉल संघांचे) पाठीराखे आपापल्या बाजूला बसतात. तिथं कुठं बसायचं?

उत्तर : वाटेल तिथं. एवढ्या लहान सामन्यांना गॅलरी वाटून दिलेल्या नसतात. आपला संघ ज्या गोलवर चढाई करतोय त्यामागं उभं राहायचं आणि मध्यंतरानंतर बाजू बदलली की सगळ्यांनी चालत दुसऱ्या टोकाला जायचं. वाटेत दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओलांडतात आणि काही होत नाही. (आपल्याकडच्या पाटाकडील तालीम म्हणजे पीटीएम आणि प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यात हे करून बघू नका.) बिअरचा प्लॅस्टिकचा ग्लास हातात घेऊन रेषेजवळ उभं राहणंही चालतं, वरच्या विभागांत मैदान दिसेल अशा जागी दारूला कायद्यानं बंदी आहे.

प्रश्न : सर्वांत जुना क्लब शेफिल्ड एफसी, मग सर्वांत जुनं मैदान हॅलमचं कसं?

उत्तर : शेफिल्ड एफसी १८५७ चा, पण त्याचा मुक्काम फिरता राहिला. २००१ पासून तो शहराबाहेर, डर्बीशायरमधल्या ड्रॉनफिल्डला, ‘कोच अँड हॉर्सेस’ या पबला लागून खेळतो. म्हणून टॅक्सीवाल्याला नुसतं ‘सगळ्यांत जुनं फुटबॉल’ सांगू नका. सँडीगेट रोड, क्रॉसपूल असं सांगा. ड्रॉनफिल्डला जायचं तर शेफिल्डहून रेल्वे आहे.